हॉटेलातला बरा होता

प्रिय हदील,

फोनवर तू आम्हा सगळ्यांचे नंबर बंद करून टाकलेस, म्हणून या वयात मला पेन शोधायची पाळी आली. घरातली सगळी पेनं सुकलेली. शेवटी शेजारच्या पोरीच्या दप्तरातून हे जांभळं पेन मिळालं, तेव्हा पत्र जांभळं झालंय. हसलीस तर हस बाई. गेल्या ऑलिव्हच्या तोडणीत तू तोंड फिरवून गाडीत बसलीस, तेव्हापासून या घरात कुणी धड हसलेलं नाही. म्हणजे गेल्या शुक्रवारपर्यंत नव्हतं. त्या शुक्रवारचीच गोष्ट सांगायला बसलेय.

आधी खुशाली. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. बदाम हिरवे झालेत, आणि तू नाहीस म्हणून मीठ लावून खायला कुणी नाही. तरादला ते बायकी खाणं वाटतं. तुझ्या भावाला सगळंच बायकी वाटतं, लग्न होईल तेव्हा कळेल. तुझा बाप ठीक आहे. ठीक म्हणजे काय, मेंढ्यांशी बोलतो आणि माणसांवर खेकसतो. तुझी आई गेली तेव्हाही असाच वागायचा, तू लहान होतीस, तुला आठवत नसेल.

हे पत्र तुझा नवरा तुझ्या हातात देईल आणि दिल्याबरोबर काहीतरी कारण काढून स्वयंपाकघरात पळेल. पळू दे बिचाऱ्याला. ओरडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग ओरड. हो, वाउटर आमच्याकडे आला होता. अकाबाच्या हॉटेलांतल्या लिफ्ट तपासायला चाललोय असं तुला सांगून निघाला, ते खोटं नव्हतं. अकाबाला तो गेलाच. वाटेत आपलं गाव लागतं, तेवढं सांगायचं राहिलं. तुम्ही तिकडे रॉटरडॅमला नवऱ्यांना काय शिकवता ठाऊक नाही, पण खोटं बोलायला नक्की शिकवत नाही. तुला फसवतोय असं वाटून शुक्रवारनंतर तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला, कारण मी समोर बसले होते.

तुझी अट मला पाठ आहे. जोवर बाबा स्वतःच्या तोंडाने ‘माझं चुकलं’ म्हणत नाहीत, तोवर या उंबऱ्यात पाऊल ठेवणार नाही. त्याचीही अट मला पाठ आहे. आधी त्या परक्याने माझ्या मन्सफची माफी मागावी, रीतसर, चार माणसं घेऊन, मग पुढचं बघू. तू त्याची मुलगी शोभतेस बघ. सहा महिने दोघं दोन टोकांना तोंड फुगवून, आणि मधे मी. त्याने मला विचारायचं नाही तू कशी आहेस म्हणून, आणि मी न विचारता सांगायचं. ‘हदीलला नवीन नोकरी लागली म्हणे,’ असं मी भिंतीला सांगायची, आणि भिंतीकडे बघत हा माणूस चहात साखर घालायचा, ज्याला डॉक्टरने साखर बंद केलीय.

त्या दिवशी काय झालं ते तुला माहीत आहे, पण तू रागात होतीस, आणि रागात माणसाला निम्मंच दिसतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं बघितलं. नव्या जावयाचं पहिलं जेवण म्हणून तुझ्या बापाने, माझ्या मुफ्लेहने, सगळा गाव बोलावला होता. मेंढी त्याने स्वतः निवडली. रश्शासाठी जमीद मी स्वतः गच्चीवर वाळवला होता, दह्याचा एकेक गोळा बाळासारखा उन्हात फिरवत. मन्सफची परात मधे ठेवली, भात, त्यावर मटण, वर रस्सा. यजमान म्हणून तो बसला नाही, उभा राहिला, आणि सगळ्यांत मऊ तुकडा तोडून आपल्या हाताने वाउटरच्या पुढ्यात ठेवला. आपल्याकडे याहून मोठा मान नाही. आणि मग, कुणी विचारायला सांगितलं होतं कोण जाणे, मोठ्या प्रेमाने विचारलं, ‘कसा झालाय?’

आपल्याकडे हा प्रश्न नसतोच गं! त्याला उत्तर द्यायचं नसतं. ‘तुमच्या हाताला जिवंत ठेवो अल्ला’ म्हणायचं आणि चघळत राहायचं. पण तुझ्या नवऱ्याला वाटलं, माणूस विचारतोय म्हणजे त्याला जाणून घ्यायचंय. त्याने घास गिळला, नीट विचार केला, अगदी लिफ्टचा दोर तपासावा तसा, आणि म्हणाला, ‘चांगला आहे. पण मीठ जास्त आहे. अम्मानच्या हॉटेलातला बरा होता.’

हॉटेलातला! करकच्या माणसाला, साऱ्या मुलखात नावाजलेल्या करकच्या जमीदबद्दल, अम्मानच्या हॉटेलाचं नाव! अल्लाशप्पथ सांगते, परातीत शिरलेले हात तिथल्या तिथे थांबले. एकाने तर भाताचा लाडू तोंडापाशी नेऊन परत खाली ठेवला. मी खिडकीत तोंडात ओढणीचा बोळा कोंबला होता, कारण मला हसू आवरेना. तुझा बाप मात्र पांढराफटक पडला. पाहुण्याला आपल्या छताखाली बोलायचं नाही, म्हणून मूग गिळून उभा राहिला. जेवणं झाली, हात धुतले, कॉफी झाली. आणि तुम्ही निघालात, वाउटरचा पाय फाटकाबाहेर पडला, पाहुणेपण संपलं, तेव्हा तो सगळ्या गावासमोर बोलला, ‘झाडावरनं तोडलेला आहे हा. लग्नात याच्या बाजूचं काळं कुत्रं आलं नाही. ज्याच्या पाठीशी कुणी उभं नाही, त्याला मी मुलगी दिली.’

आपल्याकडे ‘झाडावरनं तोडलेला’ म्हणण्यापेक्षा मुस्काटात मारलेली बरी. सगळे श्वास रोखून बघत होते की आता हा परका काय करतो. हात उचलतो का, ओरडतो का, निदान पाठ फिरवून जातो का. आणि याने तुला विचारलं, काय म्हणाले? तू सांगितलंस. आणि हा चक्क हसला! मान डोलावून म्हणाला, ‘खरंय की. एकच भाऊ आहे मला, न्यूझीलंडला. नाताळात कार्ड पाठवतो. मी उलट पाठवायला विसरले.’ तुझ्याकडून भाषा शिकलाय ना, म्हणून जे बोलतो ते बाईसारखं, मी आले, मी जेवले, मी विसरले. त्या दिवशी मात्र कुणाला त्याचंही हसू आलं नाही. लोकांनी माना खाली घातल्या. आपल्याला शिवी दिली आणि तो ‘खरंय’ म्हणाला, आता याच्याशी काय करायचं? सगळ्या गावाची भांडणं मिटवणारा आपला हाज्ज मुतलक, तोसुद्धा घरी जाताना मला म्हणाला, ‘फिद्दा, या पोराला कातडीच नाही का गं, काही लागतच नाही?’ रागवला नाही तो, खरोखर काळजीने विचारत होता. पण कातडी तुला होती. तू बापाकडे बघितलंस, अट सांगितलीस, आणि गेलीस. ज्याला बोललं तो गाडीत बसेस्तोवर विसरला, आणि तू अजून विसरली नाहीस.

मग ती सॉरीची भानगड. वाउटरला विमानतळावर कुणीतरी सांगितलं असणार की त्याच्या बोलण्याने म्हातारा दुखावलाय. लगेच मेसेज आला: ‘मिठाबद्दल सॉरी’ आणि पुढे एक पिवळं हसरं तोंड. तुझ्या बापाने तो फोन घेऊन सगळा बाजार पालथा घातला. बेकरीवाल्याला दाखवला, मशिदीबाहेर दाखवला, पेट्रोल पंपावर दाखवला. ‘बघा, माफी आलीय. खिशात बसते. दात पण काढते!’ तिकडे तुमच्याकडे सॉरी म्हटलं की झालं, मला ठाऊक आहे, तूच सांगितलं होतंस. सायकल धडकली, सॉरी, आणि दोघं आपापल्या वाटेने. आपल्याकडे माफी पायांनी चालत येते. पांढरे केस घेऊन येते. नुसत्या तोंडाने आली तर लोक तिला माफी समजतच नाहीत, थट्टा समजतात.

महिन्यापूर्वी माझा फोन वाजला. वाउटर. ‘आत्या, बाबांची माफी मागायला मला जाहा न्यायची आहे. माणसं किती लागतात?’ जसं काही भाड्याने खुर्च्या आणायच्यात! मी म्हटलं, बाळ, जाहा म्हणजे मोजून आणायची माणसं नव्हेत. ज्यांच्या शब्दाला समोरचा नाही म्हणू शकत नाही अशी माणसं लागतात. आणि तुझी स्वतःची लागतात, तुझ्या रक्ताची, नाहीतर तू पुन्हा झाडावरनं तोडलेलाच.  तो म्हणाला, ‘बघते.’ मी इकडे हाज्ज मुतलकला गाठलं. तो आधी नाहीच म्हणाला. मग म्हणाला, परक्यासाठी जाहा नेली तर लोक काय म्हणतील. मग म्हणाला, मुफ्लेहने मला हाकललं तर माझी दाढी गेली. मी म्हटलं, हाज्ज, तुम्हाला आजवर कुणी रिकाम्या हाताने पाठवलेलं नाही, यावेळी घाबरला असाल तर तसं सांगा, मी बेकरीवाल्या अबू इस्साला विचारते. बस्स. दुसऱ्या दिवशी मानाच्या झग्याला इस्त्री मारून तयार!

वाउटरकडून मी फोनवर घोकून घेतलं. कॉफी ओततील. पेला हातात घ्यायचा, समोर खाली ठेवायचा, प्यायचा नाही. हाज्ज मुतलक बोलेल, काय मागायचं ते मागेल. मुफ्लेह म्हणेल, ‘कॉफी प्या, ज्यासाठी आलात ते मिळालं.’ मगच प्यायची. आधी प्यायलास तर मागणं पोटात गेलं, कायमचं. ‘कळलं,’ म्हणाला. कागदावर लिहूनही घेतलं असणार, त्याच्यावर माझा भरवसा आहे.

आणि शुक्रवारी नमाजानंतर जाहा आली. पुढे हाज्ज मुतलक, त्याच्या मागे अबू इस्सा आणि गावातले तीनचार पांढरे केस, मधे वाउटर, इस्त्रीच्या शर्टात, घाम फुटलेला. आणि त्याच्या शेजारी एक डोंगर. अगं काय सांगू, दारात वाकून आला आणि तरी डोकं आपटलं. लालबुंद तोंड, एवढ्या उन्हात लोकरीचा स्वेटर. तुझ्या बापाच्या भुवया वर गेल्या. हाज्ज मुतलक घसा साफ करून म्हणाला, ‘हा याप. तुझ्या जावयाचा सख्खा भाऊ. न्यूझीलंडहून आलाय.’ मुफ्लेह म्हणाला, ‘ते कुठे आलं?’ तरादने फोनवर नकाशा काढला, बोटाने सरकवत सरकवत खाली, अजून खाली. ‘बाबा, याच्या पुढे नुसता बर्फ आहे.’ तुझ्या बापाने एकदा फोनकडे बघितलं, एकदा त्या डोंगराकडे.  मी त्याला पाळण्यापासून ओळखते, त्याच्या मानेची शीर हलली की मला कळतं.

आता ऐक. बसले सगळे. तराद किटली घेऊन उठला, आणि तुझ्या बापाने डोळ्यांनी खूण केली, सगळ्यांत लांबून आलेल्याला पहिला पेला. पाहुण्याचा मान. तरादने पेला यापच्या हातात दिला. आणि मी खिडकीत कपाळावर हात मारून घेतला. वाउटरला शिकवलं होतं. हाज्जला तर जन्मापासून येतं. यापला कुणी काही सांगितलंच नव्हतं! त्या बिचाऱ्याने इवलासा पेला बघितला, सगळ्यांकडे बघून हसला, आणि एका घोटात कॉफी संपवली.

 हाज्ज मुतलकचं तोंड भाषणाच्या पहिल्या शब्दावर तसंच उघडं. वाउटर मेल्यासारखा पिवळा. आणि यापने काय केलं, तर रिकामा पेला परत पुढे केला. हलवला नाही. पेला हलवल्याशिवाय ओतणारा थांबत नाही, हे त्याला काय माहीत? तरादने परत ओतली. हा परत प्यायला. नको म्हटलं तर वाईट दिसेल असं त्याला वाटत होतं, आणि पेला हलत नाही तोवर न ओतणं वाईट दिसेल असं तरादला वाटत होतं. दोघं एकमेकांच्या इज्जतीसाठी झगडत होते गं, एक ओततोय, एक पितोय, कुणी मागे हटेना! कडू कॉफी ती, यापच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी हसतोय. शेवटी किटली संपली. तराद रिकामी किटली घेऊन उभा, आणि दात आवळून बापाला म्हणाला, ‘झालं. कॉफी प्यायले. मागणं उरलं नाही. उठा म्हणावं.’

रीतीने त्याचं बरोबर होतं. तुझ्या बापाला हवी होती ती पळवाट समोर पडली होती. एक शब्द बोलला असता, तर जाहा तोंड पाडून परत गेली असती, आणि तू अजून सहा महिने, का सहा वर्षं. मी ओट्याला धरून उभी राहिले. तो यापच्या हातांकडे बघत होता. जाड, चिरा पडलेले, लोकरीच्या तेलाने काळपट झालेले हात. मेंढ्यांचे हात. मग वाउटरकडे न बघता वाउटरला म्हणाला, ‘विचार याला. कशासाठी आलाय?’

याप बोलला, वाउटरने आपल्या भाषेत सांगितलं, आणि आवाज कापत असल्यामुळे नेहमीपेक्षाही जास्त बाईसारखं. डोंगर बोलतोय आणि बाहेर येतंय, ‘मी याला लहानपणापासून ओळखते. आमच्या आईच्या जेवणालाही हा असंच बोलायचा. आई रडायची. हा असाच आहे. पण आमचा आहे. याचं चुकलं तर माझं चुकलं, आणि याला कुणी बोललं तर मला बोललं. फोनवर हे सांगता आलं असतं, पण हा म्हणाला इथे चालत नाही. म्हणून आले.’

अबू इस्साने तोंडावर रुमाल धरला. हसू लपवायला की आणखी कशाला, माहीत नाही.  तुझा बाप घसा खाकरून म्हणाला, ‘मुतलक, कॉफी पी. ज्यासाठी आलास ते तुला मिळालं.’ हाज्ज मुतलक भडकला. ‘मी अजून मागितलं कुठे? आठवडाभर भाषण पाठ करतोय!’ ‘ते जेवताना म्हण,’ तुझा बाप म्हणाला, ‘आणि तराद, अजून कॉफी कर. सगळी या भल्या माणसाने संपवली.’ मग त्याने स्वतः यापला पेला हलवायला शिकवलं. याप इतक्या जोरात हलवायचा की पेल्याबरोबर डोकंही हलायचं. सगळी बैठक हसली. तुझा बाप हसला, हदील. दात दिसले त्याचे.

परात आली. मुफ्लेह पुन्हा उभा राहिला, पुन्हा मऊ तुकडा तोडला, या वेळी दोन, एक भावाच्या पुढ्यात. आणि तुझा बाप तो तुझा बापच, पुन्हा तोच प्रश्न! ‘आज कसा झालाय?’ मी खिडकीतून वाउटरला हाताने खुणा करतेय, अरे गप्प चघळ, चघळ! त्याने घास गिळला. विचार केला. ‘आज मीठ बरोबर आहे. मागच्या वेळी जास्त होतं.’ आणि मुफ्लेह म्हणाला, ‘मागच्या वेळी जास्तच होतं.’ एकदम सगळ्यांचे आवाज फुटले. हाज्ज मुतलक म्हणाला, मी तर त्या दिवशी घरी जाऊन घागरभर पाणी प्यायलो! ‘मग बोलला का नाहीस?’ ‘तुझ्या घरात? वेडा आहे का मी?’ माझ्या जमीदची अशी लाज काढली मेल्यांनी, आणि मला वाईटसुद्धा वाटलं नाही.

याप तीन दिवस राहिला. एक शब्द कळत नसताना तो आणि तुझा बाप सकाळपासून मेंढ्यांत. खूर बघायचे, दात बघायचे, एकमेकांच्या पाठीवर थापा. पण वाउटर गप्प गप्प होता. माफी मिळाली, मान मिळाला, आता काय? शेवटी बदामाखाली चहा घेऊन बसलो होतो तेव्हा त्याने सरळ विषय काढला. आपल्याकडे कुणी असं काढत नाही. आपला माणूस संतापला म्हणेल, रक्त उसळलं म्हणेल, पण दुखलं म्हणणार नाही, जीव गेला तरी. हा म्हणाला, ‘तुम्ही मला तोडलेला म्हणालात, मला काही वाटलं नाही, मी विसरले. पण हदीलला दुखलं. ती बोलत नाही. ती तुमची आठवण आली की भांडी घासते. आमच्याकडे स्वच्छ भांडी परत घासतात. तुम्ही माझ्या फोनवरून तिला फोन करा, सॉरी म्हणा. एका मिनिटाचं काम आहे.’ मला वाटलं आता चहाचा कप उडतो. तुझा बाप म्हणाला, ‘एका मिनिटाचं? चारचौघांत तिच्या नवऱ्याला बोललो, तिला मान खाली घालायला लावली, आणि माफी मागू फोनवर? येताना कोथिंबीर आण म्हणून सांगावं तशी?’ आणि उठून गेला. वाउटर रडकुंडीला आला, त्याला वाटलं आपण परत घोटाळा केला. मीही तेच समजले.

तर आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. दुसऱ्या दिवशी तुझा बाप हाज्ज मुतलककडे गेला आणि म्हणाला, मला जाहा न्यायची आहे, माझ्या मुलीच्या दारात. हाज्ज मुतलकने कानात बोट घालून हलवलं. ‘मी भिंतीसाठी जाहा नेली, उंटासाठी नेली, डोकं फोडलेल्यासाठी नेली. बापाने मुलीकडे नेलेली कुणी ऐकलीय का? लोक हसतील.’ तुझा बाप म्हणाला, ‘हसू देत. माझा जावई हसतो, त्याचं काय बिघडलं?’ हाज्ज बराच वेळ दाढी खाजवत बसला, मग विचारलं, तिकडे थंडी किती असते. तर व्हिसाचे कागद भरलेत, त्याचे, हाज्जचे आणि माझे, कारण मी नसले तर हे दोघं विमानतळावरच कुणाशी तरी अब्रूवरून भांडतील. याप तिकडून परस्पर येणार आहे, म्हणतो मीही जाहातला आहे. पण जाहा न सांगता येत नाही. ज्याचा अपमान झाला त्याच्या घराला आधी विचारावं लागतं, येऊ का, कधी येऊ. अपमान तुझा झाला, घर तुझं, म्हणून तुझ्या बापाने मला तुला विचारायला सांगितलंय. नाही म्हणालीस तर आम्ही येणार नाही, आणि तुला कुणी नावं ठेवणार नाही, तो तुझा हक्क आहे. मी माफ कर असंही म्हणत नाही. फक्त एवढं सांगते, रोज संध्याकाळी मेंढ्या आत घेतल्या की तो गच्चीवर जाऊन वाक्य पाठ करतो. ‘हदील, माझं चुकलं.’ मी जिन्यात बसून ऐकते. आजवर एकदाही पुरं म्हणता आलेलं नाही त्याला. तुझं नाव घेतो, आणि तिथेच थांबतो.

येऊ का पोरी?

उत्तराची वाट बघणारी, तुझीच
फिद्दाआत्या